विहिरीच्या ढिगाऱ्यात सापडलेला खडा हिरा आहे का?

पत्र : नमस्कार मॅडम, आम्ही जामनेर तालुक्यातले. यंदा विहीर खोल करायला घेतली. काळ्या पाषाणात सुरुंग उडवल्यावर वर काढलेल्या दगडांमध्ये माझ्या मुलाला एक खडा सापडला. पाण्यासारखा स्वच्छ, चार बाजूंचा, वर टोकदार. सोनारकाकांकडे वजन केलं तर १४ ग्रॅम भरलं, पण "कच्च्या खड्यातलं मला कळत नाही" म्हणाले. काचेवर घासला की रेघ उठते. सगळं गाव हिरा म्हणतंय. दीर म्हणतात, हातोडी मारून बघू, फुटला नाही तर खरा. ओळखीतले एक गृहस्थ दोनदा येऊन गेले. म्हणाले, खडा आणि पाच हजार रुपये द्या, सुरतेहून तपासून आणतो, पण कुठे बोलू नका, नाहीतर सरकार उचलून नेईल. विहिरीचं कर्ज डोक्यावर आहे, म्हणून आशा वाटते. शिवाय आजेसासूबाईंच्या कुडीतून निखळलेला पैलूंचा एक खडा डबीत आहे. तो खरा आहे का, हे कसं ओळखायचं? दोन्हींचे फोटो पाठवते आहे. — एक वाचक, जि. जळगाव

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर सांगते, मग कारणं. विहिरीतला खडा हिरा नाही, याची मला जवळजवळ खात्री आहे. फोटोवरून तो अपोफिलाइट नावाच्या खनिजाचा स्फटिक दिसतो. कर्जाचा विचार मनात असताना हे वाचणं जड जाईल, हे मला कळतं. पण त्या गृहस्थांच्या हाती पाच हजार जाण्याआधी तुम्ही विचारलंत, हे फार बरं झालं. आणि दिरांना सांगा, हातोडी लावायची नाही. का, ते पुढे सांगते.

पत्र वाचताना माझं लक्ष सगळ्यात आधी गेलं ते 'जामनेर' आणि 'काळा पाषाण' या दोन गोष्टींकडे. सापडलेल्या खड्याबद्दल कुणीही विचारलं की माझा पहिला प्रश्न असतो : कुठल्या दगडातून निघाला? खडा चमकतो किती, हा प्रश्न बराच नंतरचा. खान्देशातला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले, त्यातून दख्खनचं पठार झालं. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि त्यांच्या पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं ऊन पाणी या पोकळ्यांत झिरपत राहिलं आणि भिंतींवर स्फटिक वाढले : अपोफिलाइट, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ, कुठे जांभळा अमेथिस्ट. जळगाव, संभाजीनगर, नाशिक, पुणे या पट्ट्यात विहीर खणताना किंवा खडी काढताना अशी पोकळी फुटते आणि आत लखलखाट दिसतो. जळगाव भागातले अपोफिलाइट जगभरच्या खनिज संग्रहालयांत मांडलेले आहेत. म्हणजे तुमच्या मुलाला जे मिळालं ते त्या जमिनीतलंच अस्सल काहीतरी आहे. फक्त ते हिरा नाही.

हिऱ्याचा जन्म निराळा. तो जमिनीखाली साधारण १५० ते २०० किलोमीटर खोलवर, प्रचंड दाबाखाली तयार होतो. किंबर्लाइट किंवा लॅम्प्रोइट नावाचा लाव्हा फार खोलातून वेगानं वर उसळला, तरच त्याच्याबरोबर तो वर येतो. आपला बेसॉल्ट तशा प्रकारचा लाव्हाच नाही. भारतात असे दगड मध्य प्रदेशात पन्नाजवळ मझगावला आणि आंध्रात अनंतपूर जिल्ह्यातल्या वज्रकरूरला आहेत. आंध्रात जोन्नगिरी, तुग्गली या भागात पहिला पाऊस पडला की लोक आजही शेतांत हिरे शोधत फिरतात आणि अधूनमधून कुणाला मिळतोही. कोहिनूर ज्या कोल्लूरच्या खाणीतला मानतात, ती खाण कृष्णेच्या काठची. कृष्णा उगम पावते आपल्या महाबळेश्वरला, पण हिरे तिच्या गाळात येतात ते खूप पुढे, आंध्रात. महाराष्ट्रातल्या हिऱ्यांची जुनी ख्याती आहे ती गडचिरोलीतल्या वैरागडची. मुघलकाळातल्या नोंदींत तिथल्या खाणीचा उल्लेख येतो. पण तिथला खडक दख्खनच्या बेसॉल्टहून कितीतरी पुरातन आणि वेगळ्या जातीचा आहे. जामनेरच्या विहिरीशी त्याचं नातं नाही.

आता वजन बघा. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. तुमचा १४ ग्रॅमचा खडा हिरा असता तर तो ७० कॅरेटचा ठरला असता. पन्नात १९६१ साली सापडलेला, तिथला सर्वात मोठा म्हणून सांगतात तो हिरा ४४ कॅरेटांहून थोडा मोठा होता. आजचा कोहिनूर १०५.६ कॅरेटचा, म्हणजे २१ ग्रॅमच्या आसपास. एवढा मोठा, एवढा नितळ हिरा बेसॉल्टच्या ढिगाऱ्यात पडलेला असणं, यावर माझा विश्वास बसत नाही.

पण माझ्या शब्दावर थांबू नका, स्वतः तपासून बघा. मुलालाही सोबत घ्या.

पहिली गोष्ट काचेची. काचेवर रेघ उठली यावर गाव विसंबलं आहे, आणि बहुतेक सगळे इथेच फसतात. ती रेघ ओल्या अंगठ्यानं पुसून बघा. पुसली गेली तर तो ओरखडा नव्हता. मऊ खड्याचा भुगा काचेवर लागला होता, इतकंच. खनिजांचा कठीणपणा एक ते दहा अशा मोजपट्टीवर मोजतात, त्यात हिरा दहावर. अपोफिलाइटचा कठीणपणा साडेचार-पाच आहे आणि खिडकीच्या काचेचा साडेपाचच्या आसपास, त्यामुळे झिजतो तो खडा. रेघ पुसली गेली नाही, नख अडकेल असा खरा ओरखडा असला, तरीही हिरा ठरत नाही. साधी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्झ, सात कठीणपणाची असते आणि काच आरामात कापते. पुष्कराज, नीलम, माणिकसुद्धा कापतात. म्हणून काचेची परीक्षा फार तर 'हिरा नाही' एवढंच सांगू शकते, 'हिरा आहे' असं कधीच नाही. आता पुन्हा घासू नका. फोटोत टोक जरासं बोथट झालेलं दिसतंय, ते त्यामुळेच असावं.

मग आकार बघा. उन्हात खडा हळूहळू फिरवा आणि बाजूंवरच्या बारीक रेषा शोधा. त्या टोकाच्या दिशेनं उभ्या जात असतील आणि बाजू चार असतील तर अपोफिलाइट. आडव्या असतील आणि बाजू सहा असतील तर क्वार्ट्झ. अपोफिलाइटच्या टोकावर कधी लहानसा सपाट चौकोन असतो आणि त्याची झळाळी मोत्यासारखी, बाकीच्या बाजूंहून वेगळी दिसते. फोटोत मला ती दिसल्यासारखी वाटते. कच्चा हिरा बहुतेक वेळा आठ त्रिकोणी बाजूंचा असतो, म्हणजे दोन चौकोनी पिरॅमिड बुडाला बूड लावून ठेवल्यासारखा. तुमच्या खड्याचं टोकही पिरॅमिडसारखंच आहे, म्हणून जाणकारसुद्धा लांबून क्षणभर चकतो. पण हिऱ्याच्या सगळ्या बाजूंची झळाळी एकसारखी, थोडी तेलकट असते. पैलू पाडलेल्या हिऱ्याची लखलख कच्च्या हिऱ्यात नसते. पन्नात किंवा आंध्रात मिळणारा कच्चा हिरा पाहिलेला नसेल तर हातात देऊनही माणूस तो टाकून देईल. ढिगाऱ्यातून खडा आपणहून डोळ्यांत भरावा इतका चमकत होता, हे हिऱ्यापेक्षा त्याच्या विरुद्धच जास्त बोलतं.

सगळ्यात भरवशाची घरगुती परीक्षा पाण्यातल्या वजनाची. तिला फार काही लागत नाही. खडा घेऊन पुन्हा त्या सोनारकाकांकडे जा. ज्या गोष्टीतलं कळत नाही ती कळत नाही असं ते सरळ म्हणाले, त्यामुळे माझा त्यांच्यावर विश्वास आहे. त्यांच्या डिजिटल काट्यावर अर्धा पेला पाणी ठेवून काटा शून्यावर आणायला सांगा. खड्याला बारीक दोरा बांधा आणि तो पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा काचेला टेकणार नाही असा हातानं अधांतरी धरा. खड्याला हवेचे बुडबुडे चिकटू देऊ नका, पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की चिकटत नाहीत. आता काटा जो आकडा दाखवेल तो खड्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचा. कोरडं वजन भागिले हा आकडा, की खड्याची घनता मिळाली. हिऱ्याची घनता ३.५२ असते, म्हणजे १४ ग्रॅमचा हिरा काट्यावर ४ ग्रॅम दाखवेल. क्वार्ट्झ ५.३ च्या आसपास, अपोफिलाइट जवळजवळ ६. फरक एवढा मोठा आहे की हात थोडा हलला तरी निकाल बदलत नाही. काच मधेच कुठेतरी येते, त्यामुळे काच आणि क्वार्ट्झ यांत घोळ होऊ शकतो, पण हिऱ्याशी दोघांचाही होत नाही. आकडा ४ आला तरी मात्र उड्या मारू नका, कारण पांढऱ्या टोपाझची घनताही साडेतीनच्या पुढेमागेच असते. तसं झालं तर प्रयोगशाळा गाठायची. ही परीक्षा मोठ्या खड्यालाच चालते. अर्ध्या कॅरेटचा खडा ०.१ ग्रॅमचा, त्यानं सारलेलं पाणी साध्या काट्याला नीट मोजता येत नाही.

अजून खात्री हवी असेल तर औषधाच्या दुकानातून थोडं ग्लिसरीन आणा, काचेच्या वाटीत ओता आणि खडा त्यात बुडवा. काच, क्वार्ट्झ आणि अपोफिलाइट यांच्या कडा त्यात इतक्या फिक्या पडतात की खडा जवळजवळ दिसेनासा होतो. हिरा प्रकाश फार जोरात वळवतो, त्यामुळे तो ग्लिसरीनमध्येही ठळक दिसत राहतो. नंतर खडा साध्या पाण्यानं धुवा. गोडं तेल वापरू नका, भेगांमध्ये शिरलं की निघत नाही.

आता हातोडी. हिऱ्यावर घण घातला तर ऐरण फुटेल पण हिरा फुटणार नाही, अशी समजूत रोमन लेखक प्लिनीनं पहिल्या शतकात लिहून ठेवली आणि ती अजून गावोगाव फिरते आहे. ओरखडा न पडणं वेगळं आणि घाव सोसणं वेगळं. हिऱ्याच्या आत चार दिशा अशा असतात की त्या रेषेत घाव बसला तर तो सरळ चिरतो. पूर्वीचे कारागीर मोठे हिरे याच गुणावर दुभागत. म्हणजे दिरांची परीक्षा खऱ्या हिऱ्यालाही फोडेल, आणि फुटला म्हणून तुम्ही त्याला खोटा समजून टाकून द्याल. अपोफिलाइट तर आडवा सहज तुकडे पडणारा. लायटरनं तापवून गार पाण्यात टाकायचा व्हिडिओ कुणी पाठवला असेल तर तोही करू नका. अपोफिलाइटच्या आत पाणी असतं, तापला की पापुद्रे सुटतात आणि तुकडा उडून डोळ्यात गेला तर मोठी इजा होईल. मुलगा जवळ असणार, म्हणून मुद्दाम सांगते.

त्या गृहस्थांबद्दल स्पष्ट लिहिते. खडाही द्या, पैसेही द्या आणि बोलू नका, या तीन गोष्टी एकत्र आल्या की तिथून निघायचं. त्यांचा हेतू काय आहे हे मी इथून सांगू शकत नाही, पण या व्यवहारात तुमच्या हातात काहीच उरत नाही. उद्या त्यांनी दुसराच दगड आणून 'हा तुमचा, खोटा निघाला' म्हटलं, तर तुम्ही कशावर भांडणार? खडा कुणालाही तपासायला देण्याआधी त्याचे चारही बाजूंनी, मोजपट्टी शेजारी ठेवून फोटो काढा, वजन लिहून ठेवा, आणि वजन नोंदलेली पावती मिळाल्याशिवाय खडा हातातून सोडू नका. चांगली प्रयोगशाळा ती न मागता देते.

सरकारच्या भीतीचंही खरं काय ते सांगते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम ४८ प्रमाणे जमिनीतल्या खनिजांवर हक्क राज्य सरकारचा आहे, हे खरं. पण त्यामुळे लपवाछपवी शहाणपणाची ठरत नाही, उलट धोक्याची ठरते. पन्नात लोक लहान तुकड्याचा सरकारी पट्टा घेऊन खणतात, हिरा सापडला तर हिरा कार्यालयात जमा करतात, त्याचा लिलाव होतो आणि रॉयल्टी व कर कापून पैसे सापडणाऱ्याला मिळतात. उघड मार्गानं मजुरांच्या हाती मोठ्या रकमा आलेल्या आहेत. तुमच्या विहिरीतून निघालेले स्फटिक विकायचा विचार असेल, तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्यांना विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

विकण्यावरून कर्जाचं सांगते. सुटा, टोक दुखावलेला एक अपोफिलाइट फार पैसे आणत नाही, त्यावर हप्त्याचा हिशेब मांडू नका. किंमत असते ती मूळ दगडावर जसेच्या तसे बसलेल्या, न तुटलेल्या स्फटिकांच्या झुपक्याला, हिरवट छटा असेल तर आणखी. म्हणून ढिगारा खडीसाठी देण्याआधी एकदा बघून घ्या. आतून पांढरे, गुलाबी किंवा हिरवे स्फटिक असलेला दगड दिसला तर तो फोडू नका, घासू नका, कागदात गुंडाळून सावलीत ठेवा. त्याची ओळख पटवायला जवळच्या महाविद्यालयातला भूशास्त्र विभाग सगळ्यात बरा, तिथले शिक्षक असा नमुना आनंदानं बघतात. सवड झाली तर मुलाला सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात न्या. त्याच्या हाती आलं तसलं, आपल्याच पठारातून निघालेलं केवढं काय आहे, ते त्याला तिथे समोर बघायला मिळेल.

आता आजेसासूबाईंचा खडा. इथेही तोच प्रश्न, फक्त 'कुठून' ऐवजी 'केव्हापासून'. कुडी घडवली कधी, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. बाजारात अमेरिकन डायमंड म्हणून मिळतो तो क्युबिक झिरकोनिया १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात विकायला आला, आणि हिऱ्यासारखाच दिसणारा मॉइसनाइट १९९० च्या दशकाच्या अखेरीस. कुडी त्याआधीची असेल आणि खडा मधे बदललेला नसेल, तर ही दोन्ही नावं आपोआप गळतात. उरतात मुख्यतः काच, स्फटिक म्हणजे स्वच्छ क्वार्ट्झ, पांढरा पुष्कराज, कृत्रिम स्पिनेल आणि हिरा.

त्यावर फुंकर घालून बघा. शेजारी काचेचा तुकडा ठेवा आणि दोन्हींवर एकदमच तोंडाची वाफ सोडा. हिऱ्यावरची वाफ लागलीच उडते, काचेवर रेंगाळते. वर्तमानपत्राच्या अक्षरांवर खडा ठेवायची परीक्षा या खड्याला लावू नका. ती आजच्या घडणीच्या, खाली निमुळत्या हिऱ्यासाठी आहे. जुने हिरे बुडाला सपाट असत, त्यांतून अक्षरं दिसू शकतात, आणि त्या कारणानं खरा हिरा खोटा ठरलेला मी पाहिला आहे. सोनारकाकांना दहापट भिंगातून पैलूंच्या कडा बघायला सांगा. हिऱ्याच्या कडा पिढ्यानपिढ्या धारदार राहतात, काचेच्या गोलसर होऊन झिजतात. त्यांच्याकडे हिरा तपासायचं पेन असेल तर तेही लावू द्या. ते खडा उष्णता किती वेगानं वाहून नेतो हे मोजतं, आणि काच किंवा स्फटिकाला फसत नाही. मॉइसनाइटला फसतं, पण कुडी जुनी असेल तर तो प्रश्न येत नाही. प्रयोगशाळेत बनवलेला हिरा पेनाला खऱ्यासारखाच वाटतो, कारण तो हिराच असतो.

पेनानं होकार दिला आणि भिंगानंही, तर मुंबईत जीआयए किंवा आयजीआयच्या प्रयोगशाळेत प्रमाणपत्रासाठी न्यायला हरकत नाही. तिथलं शुल्क आधी फोनवर विचारा. खडा फार लहान असेल तर शुल्कच त्याच्या किमतीच्या जवळ जाईल, मग तो पुन्हा कुडीत बसवून घालणंच बरं.

सोनारकाकांकडे जाऊन आलात की तीन गोष्टी मला लिहून कळवा : पाण्यातला आकडा, बाजूंवरच्या रेषा उभ्या की आडव्या, आणि काचेवरची रेघ पुसली गेली का. खडा ज्या दगडाला चिकटून होता त्याचा तुकडा ढिगाऱ्यात मिळाला, तर त्याचाही फोटो उन्हात काढून पाठवा.